रिंगरोडचं वेळापत्रक वारा ठरवतो

आइसलंडचा नकाशा समोर घेतला की हिशेब फार सोपा दिसतो. बेटाला वळसा घालणारा एकच मुख्य रस्ता, क्रमांक १, म्हणजेच रिंगरोड, लांबी १,३२२ किलोमीटर. समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूरला जाऊन परत आलं तरी याहून जास्त अंतर पडतं. मग पाच दिवस पुरे की, असं कुणीही म्हणेल. पाच दिवसांत प्रदक्षिणा होते, हे खरंच आहे. पण जे पाहायला एवढा खर्च केला ते बहुतेक गाडीच्या काचेतूनच दिसतं, आणि मध्ये एक दिवस वादळात गेला की पुढची आरक्षणं एकामागून एक कोसळतात.

माझ्या मते पूर्ण वर्तुळासाठी दहा रात्री हा खालचा आकडा आहे. सातच रात्री असतील तर वर्तुळाचा हट्ट सोडावा. दक्षिण किनाऱ्याने योकुल्सारलोनच्या हिमखंडांच्या सरोवरापर्यंत जावं, त्याच रस्त्याने परतावं आणि उरलेले दोन दिवस पश्चिमेच्या स्नाइफेल्सनेस द्वीपकल्पाला द्यावेत. ‘परत त्याच रस्त्याने?’ म्हणून नाक मुरडणारे असतात. जाताना ढगात बुडालेली हिमनदी येताना लख्ख दिसते, तेव्हा ते नाक सरळ होतं.

या रस्त्याचा स्वभाव त्याच्या इतिहासात आहे. दक्षिणेला स्केइदारारसांदुर नावाचं काळ्या वाळूचं अफाट मैदान आहे. हिमनद्यांचं पाणी तिथे दर मोसमात वाट बदलत असे, त्यामुळे पूल बांधायला कुणी धजत नव्हतं. १९७४ मध्ये ते पूल झाले आणि वर्तुळ पुरं झालं. १९९६ मध्ये वात्नायोकुल या हिमटोपीखाली ज्वालामुखी जागा झाला, वितळलेल्या बर्फाचा लोंढा आला आणि त्याने रस्ता आणि पूल मोडून नेले. त्यातल्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया स्काफ्ताफेलजवळ रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. जुलै २०११ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, दक्षिणेतल्या वीक गावाच्या पूर्वेला मुलाक्विस्ल नदीवरचा पूल असाच गेला. आठवडाभरात तात्पुरता पूल उभा राहिला, पण तो आठवडा ज्यांच्या सहलीत पडला त्यांचं वर्तुळ तुटलंच. साध्या गाडीला दुसरा रस्ता नाही. म्हणून आराखड्यात एक रात्र अशी ठेवावी की जी गेली तरी काही बिघडणार नाही. ती अकुरेरीसारख्या मोठ्या गावात ठेवलेली बरी. तिथे दुकानं आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, दिवस वाया जात नाही.

जायचं केव्हा, हा प्रश्न मराठी घरांत वेगळाच होऊन बसतो. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. आइसलंडचा उन्हाळा त्यानंतर सुरू होतो. मे महिन्यात रिंगरोड बहुधा मोकळा असतो, गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त, आणि समुद्रकड्यांवर लाल-नारिंगी चोचीचे पफिन पक्षी आलेले असतात. मेच्या मध्यात राजधानी रेक्याविकला सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाची कमतरता नाही. पण बेटाच्या मधल्या पठारावरचे रस्ते बंद असतात, उत्तरेत एखाद्या रात्री बर्फही पडतं, आणि रस्त्यालगतच्या निळ्या-जांभळ्या ल्युपिन फुलांचा बहर जूनमध्ये येतो. शाळेची मुलं बरोबर असतील तर मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला आठवडा साधावा, पठाराचा नाद सोडावा. मुलांचं बंधन नसेल तर जूनचा शेवट ते ऑगस्टचा मध्य. पफिन ऑगस्टच्या मध्यानंतर समुद्रात निघून जातात, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी जाणाऱ्याने उशीर करू नये.

तापमानाची भीती अनाठायी आहे. भर उन्हाळ्यात दहा ते पंधरा अंश, म्हणजे महाबळेश्वरची हिवाळी सकाळ. खरा मामला वाऱ्याचा. तिथले हवामानाचे अंदाज आणि रस्त्यावरचे विजेरी फलक वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात देतात. ‘१८’ हा आकडा वाचून आपल्याला काहीच वाटत नाही. त्याला ३.६ ने गुणा : ताशी ६५ किलोमीटर. पंधराच्या वर उंच टपाच्या कॅम्पर गाड्यांनी थांबावं, विसाच्या वर छोट्या गाड्यांनीही. झोताचा वेग सरासरीहून कितीतरी जास्त असतो, आणि डोंगराच्या घळीतून तो बाजूने येऊन आदळतो. बोर्गारनेसजवळचा हाप्नारफ्याल, रेक्याविकच्या उत्तरेचा क्यालारनेस, एयाफ्यात्लायोकुलचा पायथा आणि स्काफ्ताफेलच्या आसपासचा ओराइवी भाग या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. त्या दिवशी यांतली कुठली जागा वाटेत आहे हे आदल्या रात्री पाहून ठेवावं.

वाऱ्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गाडी थांबल्यावर. वारा मागून असेल आणि दार उघडलं, तर तो ते हातातून हिसकावून पुढे पिळतो. बिजागरी वाकते, पत्रा चेपतो, दार पुन्हा नीट लागत नाही. भाड्याच्या गाडीच्या बहुतेक विम्यांत हे नुकसान बसत नाही, आणि बिल मोठं येतं. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची. मग वारा दार बंद करायच्या दिशेने ढकलतो. एका वेळी एकच दार, दोन्ही हातांनी धरून. मागे बसलेल्या मुलांना दार स्वतः उघडायची मनाई पहिल्याच दिवशी करावी. छत्री घरीच ठेवा, तिथला पाऊस आडवा येतो. वर घालायला वारा अडवणारं जलरोधक जाकीट आणि तशीच विजार हवी. दक्षिणेच्या धबधब्यांशी, विशेषतः ज्याच्या मागून चालत जाता येतं त्या सेल्यालांड्सफॉसपाशी, विजारीचं मोल कळतं.

मुक्काम आखताना दिवसाचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. नकाशा जी वेळ दाखवतो ती चार तासांच्या आत बसली पाहिजे, इतकाच नियम. रस्ता दोनच पदरी आहे, कमाल वेग ताशी ९० (खडीवर ८०, गावात ५०), आणि दर वीस मिनिटांनी कुणीतरी ‘थांबा’ म्हणणार. चारचे सात तास सहज होतात. पहिला मुक्काम रेक्याविक. त्या दिवशी विमानतळ ते शहर हे पन्नासेक किलोमीटर सोडून काही चालवू नये. भारताचं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, म्हणजे तिथल्या संध्याकाळी आठ वाजता शरीराच्या हिशेबात रात्रीचा दीड झालेला असतो. बाहेर मात्र लख्ख ऊन. जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास टेकतो आणि तीनला पुन्हा वर येतो. ‘अजून उजेड आहे, आणखी शंभर किलोमीटर जाऊ’ या मोहात थकलेला चालक डुलकी घेतो. उजेड बघून गाडी चालवायची सवय तिथे उपयोगाची नाही. रात्री नऊला थांबायचं ठरवलं तर नऊला थांबावं.

दुसऱ्या दिवशी थिंगवेल्लिरचं राष्ट्रीय उद्यान, गेसिरची गरम पाण्याची कारंजी आणि गुल्फॉसचा धबधबा करून दक्षिणेला हेल्ला किंवा ह्वोल्सवोल्लुरला रात्र. गेसिरच्या आवारात स्ट्रोकुर नावाचं कारंजं साधारण सहा ते दहा मिनिटांनी उडतं, तेव्हा एक हुकलं म्हणून हळहळू नये. मग वीक, रेक्याविकहून ते सरळ १८७ किलोमीटर. तिथे रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा आहे. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक लाट कितीतरी आत येते, पाय उपटते आणि परत खेचून नेते; माणसं दगावली आहेत. किनाऱ्याच्या वाटेवर धोक्याचे दिवे लावले आहेत ते पाहूनच पुढे जायचं, आणि फोटोसाठी समुद्राकडे पाठ करायची नाही.

वीक ते हॉप्न हा दक्षिणेचा सगळ्यात भरगच्च तुकडा, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. शेवाळाने झाकलेला लाव्हा, वाळूची मैदानं, स्काफ्ताफेल, मग योकुल्सारलोन. हा एका दिवसात उरकणारे पुष्कळ, पण मी स्काफ्ताफेलच्या आसपास एक रात्र मधे टाकेन. तिथल्या खोल्या मोजक्या आहेत आणि जुलैच्या खोल्या फेब्रुवारी-मार्चमध्येच संपतात; सगळ्या आरक्षणांची सुरुवात इथून करावी आणि बाकीचे मुक्काम याच्या मागेपुढे बसवावेत. पुढे पूर्वेचे फ्योर्ड (जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या), एगिल्सस्तादिर, मग मिवात्न सरोवरापाशी दोन रात्री, अकुरेरी, आणि शेवटी स्नाइफेल्सनेस. मिवात्नला जूनमध्ये चिलटांचे ढग असतात. ती नाका-डोळ्यांत जातात. दोन-चारशे रुपयांची डोक्यावरून घ्यायची जाळी इथूनच न्यावी.

दक्षिणेकडून सुरुवात केली की वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं आणि समुद्र कायम उजव्या हाताला राहतो. गाडीही उजवीकडूनच चालते, त्यामुळे फ्योर्डांत थांबायच्या जागा समोरची वाहतूक न ओलांडता मिळतात. याची किंमत उत्तरेत चुकवावी लागते : मिवात्नहून पश्चिमेकडे जाताना संध्याकाळचा खाली आलेला सूर्य तासन् तास डोळ्यांत घुसतो. तो पट्टा सकाळी करावा.

हॉप्न आणि एगिल्सस्तादिर यांच्यामध्ये गूगलचा नकाशा एक डाव टाकतो. साठेक किलोमीटर वाचतात म्हणून तो ओक्सी घाटाचा रस्ता, क्रमांक ९३९, सुचवतो. खडीचा, अतिशय तीव्र चढाचा, कठडे नसलेला आणि धुक्यात हरवणारा हा रस्ता आहे. कोरड्या, स्वच्छ दिवशी अनुभवी चालकाने जायला हरकत नाही. बाकीच्यांनी क्रमांक १ सोडू नये. २०१७ पासून हा क्रमांक किनाऱ्याच्या फ्योर्डांमधून जातो. जुने नकाशे आणि जुनी प्रवासवर्णनं तो आतल्या घाटातून दाखवतात, त्याने गोंधळ होतो. २०१९ पासून संपूर्ण रिंगरोड डांबरी आहे, तेव्हा पायाखाली खडी लागली तर आपण वाट चुकलो एवढं समजावं.

आता उजवीकडून चालवण्याबद्दल. आइसलंडही २६ मे १९६८ पर्यंत आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालत होतं, पण त्याने आपली सोय होत नाही. उजवीकडून जायचं हे डोक्यात चटकन बसतं. अडचण येते ती गाडीच्या रुंदीची. आपण आयुष्यभर गाडीच्या उजव्या भागात बसलेलो, गाडीचं बाकी अंग आपल्या डावीकडे. तिथे ते उजवीकडे असतं, आणि हाताला सवय नसल्यामुळे गाडी नकळत उजव्या कडेला सरकत राहते. रिंगरोड बराचसा उंच भरावावर आहे आणि डांबराला बाजूपट्टी जवळजवळ नाहीच. उजवं चाक डांबराखाली खडीत उतरलं की घाबरून चालक स्टिअरिंग डावीकडे झटकतो. चाक डांबरावर चढताच पकड एकदम परत येते, गाडी आडवी फिरते आणि उलटते. चाक उतरलंच तर स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, वेग उतरू द्यायचा आणि मग हळूच वर यायचं. शेजारी बसणाऱ्याला पहिले दोन दिवस एकच काम द्यावं : उजवी कड बघत ‘जरा डावीकडे’ म्हणणं. दुसरं काम पेट्रोल पंपावरून किंवा वाहनतळातून रिकाम्या रस्त्यावर येताना ‘उजवीकडे’ म्हणणं, कारण समोर गाडी नसली की मन जुन्या बाजूला धावतं, विशेषतः सकाळी. सिग्नलचा दांडा डावीकडे असतो, त्यामुळे वळताना वायपर सुरू होतील. होऊ द्यावेत. गिअरची गाडी मात्र घेऊ नये, ऑटोमॅटिकच घ्यावी. त्या लवकर संपतात, म्हणून जानेवारीतच ठरवाव्यात.

रस्त्यावरच्या तीन पाट्या पाठ करून जायच्या. ‘एइनब्रेइद ब्रू’ म्हणजे पुढे एकपदरी पूल. पुलाजवळ जी गाडी आधी पोचते तिला वाट, असा रिवाज आहे, पण समोरच्याला तो ठाऊक आहे असं धरून चालू नये. ताशी पन्नासच्या आत येऊन थांबायच्या तयारीत राहावं. डिसेंबर २०१८ मध्ये दक्षिणेच्या अशाच एका पुलावरून पर्यटकांची गाडी कठडा तोडून खाली गेली आणि तिघांचा जीव गेला. ‘ब्लिंदहाइद’ म्हणजे असा चढ की पलीकडचं दिसत नाही. ‘मालबिक एन्दार’ म्हणजे डांबर संपलं; ही आडरस्त्यांवर दिसते. वेग पाटीपाशीच उतरवावा, खडीवर आल्यावर ब्रेक लावला तर गाडी घसरते. बाकी वर्तुळाकार चौकात आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला आधी वाट असते, आणि हेडलाइट दिवसाही लावून ठेवायचे असतात.

मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या फिरतात. एक मेंढी रस्त्याच्या या बाजूला दिसली तर कोकरू दुसऱ्या बाजूला आहे असं समजावं. गाडी जवळ आली की ते हमखास आईकडे धाव घेतं. फोटोसाठी रस्त्यातच गाडी उभी करणारे पर्यटक मात्र मेंढ्यांपेक्षा धोकादायक. मेंढीला निदान कळत नाही.

दोनच चाकांना ताकद देणारी (टू-व्हील ड्राइव्ह) साधी छोटी गाडी उन्हाळ्यात रिंगरोडला पुरते. नंबराआधी ‘एफ’ असलेले पठारी रस्ते फक्त चारही चाकांना ताकद देणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीसाठी आहेत, साधारण जूनच्या उत्तरार्धानंतर उघडतात, आणि नदीतून गाडी घातल्याने पाणी आत गेलं तर कुठलाच विमा उपयोगी पडत नाही. लांदमान्नालाउगारचे रंगीत डोंगर पाहायचे असतील तर रेक्याविकहून मोठ्या चाकांची बस जाते, तिने जावं. दोन दिवसांसाठी दहा दिवस जीप पोसायची गरज नाही. रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. तिथल्या शेवाळावर उमटलेला चाकाचा व्रण भरायला दशकं लागतात. विम्यात खडीने काच आणि दिवे फुटण्याचं संरक्षण घ्यावंच. वाळू-राखेचं संरक्षण दक्षिणेतून जाणाऱ्याने घ्यावं, वाळूचं वादळ रंग खरवडून काढतं. गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, काच, चाकं आणि आतल्या इंधनाचा काटा यांचं चित्रीकरण करायचं. आणि चौघांच्या चार मोठ्या कडक सुटकेस छोट्या गाडीत मावत नाहीत. मऊ बॅगा न्याव्यात.

कागदपत्रांचा क्रम महत्त्वाचा. आइसलंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या समाईक व्हिसाच्या देशांमध्ये आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, शुल्क प्रौढाला ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. अर्जासाठी मुक्कामाची आरक्षणं लागतात, म्हणून ती रद्द करता येतील अशीच घ्यावीत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओ देतं, शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. त्यासाठी व्हिसा दाखवायची अट २०२१ मध्ये काढली आहे, म्हणजे व्हिसाची वाट न पाहताही त्यामागे लागता येतं. मूळ परवाना बरोबर हवाच.

पैशांचं एक गणित ठेचकाळायला लावतं. गाडीची अनामत बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवतात. फॉरेक्स कार्ड तिथे चालेलच असं नाही. पेट्रोल पंप बहुधा माणसाविना असतात आणि पिन मागतात. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये सुरू करायचे आणि पिन पाठ आहे ना ते पाहायचं. यंत्रावर ‘टाकी भरा’ निवडलं तर मोठी रक्कम काही दिवस अडकते. त्यापेक्षा आकडा टाकून भरावं. एगिल्सस्तादिर ते मिवात्न या दीडशेहून जास्त किलोमीटरच्या ओसाड पट्ट्याआधी टाकी भरलेलीच हवी.

खाण्यापिण्यात स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाउस घेतलं की अर्धा प्रश्न सुटतो, कारण उपाहारगृहांचे दर घाबरवतात. बोनुस किंवा क्रोनन या दुकानांतून भाज्या, पाव, दह्यासारखं घट्ट स्किर घ्यायचं. पोहे, भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी घरून. तूप, पेढे, बर्फी, मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा. थंड नळाचं पाणी उत्तम असतं. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्यात दोष नाही. गावोगावच्या गरम पाण्याच्या तलावांत उतरण्याआधी साबण लावून, विवस्त्र होऊन अंघोळ करावी लागते, तीही सार्वजनिक न्हाणीघरात. स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते. मनाची तयारी करून जावं, संकोचापायी हे सुख सोडू नये.

वाहनतळांवर आता बहुतेक ठिकाणी कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि पैसे अ‍ॅपमधून भरायचे असतात. अकुरेरीजवळच्या ७.४ किलोमीटरच्या वाद्लाहेइदी बोगद्यालाही टोलनाका नाही. पथकर २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा. नाही भरला तर बिल गाडीवाल्यांकडे जातं आणि ते आपलं शुल्क चढवून कार्डातून वळतं करतात. घाई नसेल तर बोगद्याऐवजी विकुरस्कार्दच्या जुन्या घाटाने जावं. १६ किलोमीटर जास्त, पथकर नाही, आणि एयाफ्योर्ड वरून दिसतो. शेवटची रात्र विमानतळाच्या केफ्लाविकजवळ काढावी. त्या भागात ग्रिंदाविकपाशी २०२३ पासून वारंवार उद्रेक झाले आहेत, तेव्हा रस्ता उघडा आहे का हे आदल्या दिवशी पाहावं. पुष्कळ पेट्रोल पंपांवर गाडी धुवायचे ब्रश फुकट असतात. गाडी धुऊन द्यावी, धुळीखाली जुने ओरखडे नव्यासारखे दिसतात. आणि परत आल्यावर ते कार्ड निदान दोन महिने बंद करू नये, राहिलेले दंड आणि वाहनतळाची बिलं सावकाश येत राहतात.